डुक्कर एकट्यानं मारता येत नाही

वास्तो, ९ डिसेंबर १९५७

क्लोरिंदा,

पोचलो बाई एकदाचे. घाट उतरताना गाडी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा तुझ्या दिरानं तिला लाथा घालून चालू केलं. तुझ्या सासरच्या पुरुषांची ही रीतच आहे. जाऊ दे, निकांद्रोला जाऊन अजून पाच महिने झाले नाहीत, मेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये. लिबेरातो शेजारीच बसलाय आणि काय लिहितोस म्हणून विचारतोय. जेवणाबद्दल लिहितोय म्हटलं. त्याला वाचता येत नाही ते बरंच आहे.

समुद्राकाठी चिटपाखरू नाही. आंघोळीच्या लाकडी खोल्यांना फळ्या ठोकल्यात, हॉटेलांनी खुर्च्या उलट्या टाकल्यात, वाऱ्यानं वाळू पार रस्त्यावर आणलीय. म्हणूनच तर आम्ही आत्ता निघालो. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर सगळेच परके, त्यात एक परका कुठे शोधायचा? हिवाळ्यात मात्र नव्या चुलीचा धूर अख्ख्या गावाच्या डोळ्यांत येतो. आणि डुकरं कापणाऱ्याला या दिवसांत कुठलं दार बंद नसतं. रक्ताची परात धरून उभ्या राहिलेल्या बायका वाट्टेल ते सांगतात. तुझ्या नवऱ्याला मारून पळालेला साबातिनो मोची अशाच एखाद्या गावात चपला शिवत बसला असणार. सापडेल. पुढचं लिबेरातो बघेल, त्याचा सख्खा भाऊ गेलाय.

आज हॉटेलवाल्याचं डुक्कर केलं. लिबेरातो पाय धरतो पक्के, पण त्याला दम नाही. जनावर बाकड्यावर आडवं व्हायच्या आतच यानं त्याच्या थोबाडावर कुऱ्हाडीचा दांडा हाणला. दात पडले, जनावर पिसाळलं, मला सुरी दोनदा घालावी लागली. मी त्याला झापलं. म्हटलं, अरे, बाबा गेले तेव्हा क्लोरिंदा, माझी बहीण, पोरसवदा होती, तेव्हापासून पाय धरायची, आणि पुढे मी तापानं पडलो त्या वर्षी तिनं स्वतः सुरी घातली, जनावराला कळलंसुद्धा नाही. तर म्हणतो, बायकांच्या हातात सुरी देऊ नये.

इथून तेर्मोली, मग लेझिना, मग खाली गार्गानोकडे. लेझिनाच्या पोस्टात माझ्या नावानं पत्र ठेवायला सांग. कानाचं कसं आहे? पायऱ्या बघून उतरत जा.

पान्फिलो

*

काझालमोरा, १६ डिसेंबर

पान्फिलो,

कान तसाच आहे. डाव्या बाजूनं काही ऐकू येत नाही आणि थंडीत ठणकतो. बायका त्याच बाजूला बसून माझ्याबद्दल बोलतात, ते एक बरं.

तुला मी निघायच्या आधी सांगितलं होतं आणि परत सांगते, गाडी वळव. तू कसाई आहेस, खुनी नाहीस. लिबेरातोला जायचं तर जाऊ दे, पण तुझ्याशिवाय त्याला कोण दारात उभं करणार आहे? तू त्याला दारं उघडून देतो आहेस. उद्या त्यानं त्या माणसाला मारलं, तर रक्ताची परात तूच धरलेली असेल.

साबातिनोची बायको इनेस गरोदर आहे हे तुला ठाऊक नसेल. तिची आधीची दोन मुलं चाळीस दिवसांच्या आत गेली. तिच्या दारात तुम्ही सुऱ्या घेऊन जाणार का? तो त्या दिवशी सकाळी निकांद्रोशी खानावळीत भांडला, सगळ्यांनी पाहिलं. भांडण कशावरून झालं ते मात्र कुणी सांगत नाही. निकांद्रोनं भर रस्त्यात माझ्या कानफटात मारली होती आणि साबातिनो म्हणाला होता, गाढवालासुद्धा कुणी असं मारत नाही. एवढंच.

इथे आम्ही दोघीच. सासूबाई चुलीपाशी बसून असतात, बोलत नाहीत. रोज एकच विचारतात, डुकराला घातलं का. निकांद्रोनं आणलेलं ते डुक्कर, सुतकाचं वर्ष असल्यामुळे यंदा कापायचं नाही, म्हणून खाऊन खाऊन दाराएवढं झालंय. काळ्या कपड्यात त्याला खरकटं घालायला जाते तेव्हा माझ्याकडे बघत राहतं.

परत ये.

क्लोरिंदा

*

लेझिना, २७ डिसेंबर

क्लोरे,

तुझं पत्र मिळालं. रागावलीस. रागाव. पण तुझ्या पांढऱ्या कपाळाचा जाब मी विचारायचा नाही तर कुणी?

नाताळाला इथल्या तळ्यातले वाम मासे खाल्ले, भाजलेले, चरबी टपटपणारे. नंतर जे झालं ते न लिहिलेलं बरं, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? खानावळीत एक मासेवाला म्हणाला की डोंगरातलं एक जोडपं इथून पुढे गेलं, बाई पोटुशी होती. कुठे गेलं विचारलं तर हसला आणि म्हणाला, आधी दारू पाज. लिबेरातोनं पाजली. तो म्हणाला, आणखी एक. तेव्हा लिबेरातोनं त्याचा हात दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार लावून घेतलं. बोटं मोडल्याचा आवाज मी रोज ऐकतो, डुकराचे खूर काढताना येतो तसलाच, पण खुरांना किंचाळता येत नाही. तीन बोटं गेली. मग त्यानं सांगितलं, रोदीला, संत्र्यांच्या बागेत. मी मध्ये पडलो, तर लिबेरातोनं माझ्या पोटात कोपर मारलं आणि गाडीत जाऊन झोपला. सकाळी काही झालंच नाही अशा थाटात पाव कापत होता.

वाटेत त्यानं निकांद्रोचा घाव कसा होता ते सांगितलं. मी तेव्हा काम्पोबास्सोच्या दवाखान्यात हर्निया घेऊन पडलेलो, प्रेत पाहिलं नव्हतं. एकच घाव. गळ्याच्या खळगीत, छातीच्या हाडाच्या वरून, खाली तिरका, थेट काळजात. हाडाला ओरखडा नाही. क्लोरे, मोच्याला असा घाव कुठून आला? आणि दुसरं. गवतात झोपलेला, दारू प्यायलेला असला तरी निकांद्रो बैलासारखा माणूस. सुरी गेल्यावर जनावर जेवढा वेळ पाय झाडतं तेवढा तो झाडणारच, आणि अंगणात तर एक गवताची काडी विस्कटली नव्हती म्हणतात. म्हणजे कुणीतरी पाय दाबून धरले असणार. साबातिनोबरोबर दुसरा कोण होता?

लिबेरातोला हे विचारलं. तो म्हणाला, मोचीच होता, कारण प्रेताच्या उजव्या पायातला बूट गायब होता. मोच्याशिवाय बूट कोण नेईल? आपल्या गावात याच्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली होती.

रोदीला लिही.

पान्फिलो

*

काझालमोरा, ६ जानेवारी १९५८

पान्फिलो,

बर्फ पडलंय, पोस्टवाला दोन दिवसांनी आज आला.

बोटांचं वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांनी सूत कातायचं थांबवलं नाही. मग म्हणाल्या, बापावर गेलाय. आणि उठून गेल्या. संध्याकाळी त्यांनी तुझ्यासाठी लोकरीचे मोजे दिले, या पत्राबरोबर पाठवते. लिबेरातोसाठी दिले नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, त्याला थंडी वाजत नाही.

घावाबद्दल तू विचारतोस. मी काय सांगू? मला काही सांगायचं नाही. तुला माझ्याबद्दल माया असेल तर लिबेरातो आणि त्या माणसाच्या मध्ये उभा राहा. दुसरं काही मागत नाही.

इनेसचे दिवस भरत आलेत. इथून जाण्याआधी ती मला म्हणाली होती की यंदा जुनी रीत करणार. दोन मुलं गेल्यावर करतात ती. सुईण बाळाला घेऊन चर्चच्या रस्त्यावर उभी राहील, आणि जो पहिला पुरुष येईल, तो कुणी का असेना, त्यानं बाळाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरायचं. देवानं पाठवलेला कोम्पारे, बाळाचा धर्मपिता आणि बापाचा धर्माचा भाऊ. असं केलं की मूल जगतं म्हणतात. जगू दे रे त्यांचं.

क्लोरिंदा

*

पेस्किची, २३ जानेवारी

क्लोरिंदा,

हे पत्र वाचून चुलीत घाल.

लिबेरातो रोदीला दाढेच्या दुखण्यानं पडलाय, गाल भोपळ्याएवढा झालाय. मी एकटाच संत्रीवाल्यांच्या गाडीतून इथे आलो. मोठ्या मचाणावरून जाळी सोडणारा एक कोळी आहे, त्यानं डुक्कर करायला बोलावलं होतं. अंगणात गेलो तर पाय धरायला दोन माणसं उभी. त्यातला एक साबातिनो.

त्यानं मला ओळखलं आणि जागेवरच उभा राहिला, पळाला नाही. बहुतेक पळून पळून कंटाळला होता. मी सुऱ्यांची गुंडाळी सोडली. मनात होतं ते तुला खरं सांगतो, हे जनावर झालं की त्याच सुरीनं याला विचारायचं. म्हटलं, धर पाय. त्यानं धरले. मी सुरी टेकवली, नुसती टेकवली, आणि रक्ताचा पहिला थेंब आला तसा हा पांढरा पडला आणि पाय सोडून जमिनीवर कोसळला. मोकळं सुटलेलं डुक्कर अर्धी सुरी गळ्यात घेऊन त्याच्याच अंगावरून पळालं, जाळ्यांत शिरलं, कोळ्याच्या म्हाताऱ्या बापाला पाडलं, त्याचं मनगट फोडलं, आणि पार पाण्यापर्यंत गेलं. मी कमरेएवढ्या लाटांत त्याच्यावर बसून काम संपवलं. समुद्र लाल झाला. वर आलो तेव्हा साबातिनो ओकत होता.

मी त्याच्या शेजारी बसलो. ओला, थरथरत. आणि मला कळलं. मोच्यानं मारलं नव्हतं. ज्याला रक्ताचा थेंब बघवत नाही, तो हाडाला न लागता काळजापर्यंत सुरी नेत नाही. या मुलखात तो घाव दोघांनाच येतो. एक मी, मी दवाखान्यात होतो.

क्लोरे, तू होतीस.

त्याला मी एवढंच विचारलं, कोण? तो म्हणाला, "तुझ्या बहिणीला विचार, मी काही पाहिलं नाही." भांडण मिटवायला दुपारी तो तुमच्या अंगणात आला होता, एवढं कबूल केलं. घरी जाऊन त्यानं सामान बांधलं. आपल्यावरच येणार हे त्याला ठाऊक होतं. पण तुझं नाव त्यानं या सहा महिन्यांत बायकोलासुद्धा सांगितलं नाही. असल्या माणसाला मी मारायला निघालो होतो. आणि तुझा कान गेला तेव्हा पायऱ्यांवरून पडले म्हणालीस ते मी ऐकून घेतलं. एवढ्या पायऱ्या तुमच्या घराला आहेतच कुठे? आणि निकांद्रोचे पाय धरायला तुझ्याबरोबर दुसरं कोण होतं, ते मला अजून कळत नाही.

आता ऐक. लिबेरातोला साबातिनो इथे आहे हे आज ना उद्या कळणार. साबातिनो निर्दोष आहे असं मी म्हटलं, तर तो विचारणार, मग कोण? त्याचं उत्तर मला देता येत नाही. म्हणून दुसरा मार्ग काढलाय. इनेस सोमवारी बाळंत झाली, मुलगी आहे. रविवारी सकाळी सुईण रस्त्यावर उभी राहणार. पहिला पुरुष लिबेरातो असेल, ते मी बघतो. बाप्तिस्म्याच्या संताच्या, सान जोव्हान्नीच्या नावानं कुणी बाळ पुढे केलं तर नाही म्हणता येत नाही, त्याच्यासारख्या दगडालाही नाही. आणि कोम्पारेवर हात उगारलेला माणूस आपल्या मुलखात अजून जन्मायचाय.

तू मात्र मला लिही.

पान्फिलो

*

पेस्किची, २६ जानेवारी, रविवार

क्लोरे, घाईत लिहितोय. मासळीचा ट्रक तुमच्या बाजूला निघालाय, ड्रायव्हरच्या हातात देतो. लिबेरातो तुझ्याकडे यायला निघालाय. तू घरातून निघ. म्हातारीला शेजारी सोड आणि डोंगरापलीकडे मावशीकडे जा. गावातला फोन खानावळीत आहे आणि ती लिबेरातोच्या चुलतभावाची, म्हणून फोन केला नाही.

सगळं ठरल्यासारखं झालं होतं. काल मी लिबेरातोला रोदीहून इथे आणलं आणि आज सकाळी काड्यापेटी आणायला पुढे पाठवलं. सुईण चौकात उभी होती, तिनं बाळ पुढे केलं, सान जोव्हान्नीचं नाव घेतलं. त्यानं शिवी गिळली, टोपी काढली आणि बाळ घेतलं. सुजलेल्या गालानं, वेडंवाकडं धरून. चर्चमध्ये पाण्याच्या कुंडापाशी बाप उभा होता. लिबेरातोनं त्याला पाहिलं. मी खांबाआडून बघत होतो, माझी सुरी बाहीत होती. त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या, पण हातात मूल होतं आणि पाद्र्यानं पाणी घातलं होतं. त्यानं म्हणायचं ते सगळं म्हटलं. सैतानाचा त्याग करतोस का? करतो. मुलीचं नाव व्हितालिया ठेवलं. नाव कोम्पारेनं सांगायचं असतं, त्यानं आपल्या आईचं सांगितलं.

जेवताना मी हुशारीत होतो. वाटलं, जिंकलो. तेव्हा लिबेरातोनं ग्लास खाली ठेवला आणि साबातिनोला म्हणाला, "आता तू मला खोटं बोलू शकत नाहीस. माझ्या भावाला तू मारलंस?" साबातिनो म्हणाला, "नाही, कोम्पारे." आणि लिबेरातोनं मान हलवली. विश्वास ठेवला. कोम्पारेनं कोम्पारेला फसवायचं नाही, ते दोन्ही बाजूंनी लागू होतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मग तो माझ्याकडे बघत बसला. घाव, सुरी, दवाखाना, वास्तोला मी तुझ्या हाताचं केलेलं कौतुक, सगळं त्याच्या तोंडावर एकेक करून दिसलं. तो उठला.

मी गाडीच्या पुढे उभा राहिलो. तो थांबला नाही. चाक पायावरून गेलं, गुडघ्याखालचं हाड कातडीबाहेर आलंय. आता सुईणीच्या खाटेवर आहे, तिनं दोन फळ्या बांधल्यात आणि ट्रकमध्ये चढू देत नाही. माझ्या सुऱ्या गाडीतच राहिल्या. क्लोरे, पळ.

पान्फिलो

*

काझालमोरा, ३१ जानेवारी

पान्फिलो,

तुझी चिठ्ठी आली. ती आली तेव्हा लिबेरातो येऊन गेला होता. उजव्या हातानं लिहिते आहे, डावा बांधलाय. दात चार गेले. जगले.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मी होते. जुलैमध्ये माझ्या पोटात जे होतं ते निकांद्रोनं लाथांनी पाडलं. तुला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला सांगितलं नाही. त्या लहानग्यासाठी मला रडूही दिलं नाही त्यानं, रडले की पुन्हा मारायचा.

लिबेरातो सोमवारी दुपारी आला. मी डुकराला घालत होते. त्याच्या हातात तुझी गुंडाळी होती. त्यानं विचारलं, तू? मी हो म्हटलं. कंटाळा आला होता रे मला. त्यानं सुरीच्या मुठीनं तोंडावर मारलं, मग पडल्यावर बुटानं. हात तेव्हा मोडला. केस धरून गोठ्यात नेलं आणि तुझ्या बाकड्यावर आडवी टाकली, आपण जनावर टाकतो तशी. सुरी काढली आणि म्हणाला, कुठे घातलीस दाखव. मी त्याचं बोट धरून माझ्या गळ्याच्या खळगीत ठेवलं. खोटी जागा दाखवली असती तर वेळ लागला असता मरायला.

तेव्हा सासूबाई दारात आल्या. नेहमीची काठी नव्हती हातात, निकांद्रोचा उजवा बूट होता. पिठाच्या पेटीत तळाशी ठेवला होता त्यांनी, मलाही माहीत नव्हतं. त्यांनी तो लिबेरातोच्या पायाशी टाकला.

"सुरी हिनं घातली," त्या म्हणाल्या. "पाय मी दाबून धरले होते. शेवटचा झटका बसला तेव्हा हा माझ्या हातात राहिला."

लिबेरातो म्हणाला, तू खुळी झालीस आई. त्या म्हणाल्या, हिचं ते पिल्लू ऑलिव्हखाली पुरून आले तेव्हा मीच हिला म्हटलं, दुपारी झोपतो तेव्हा. मग जवळ येऊन त्याच्या सुरीच्या हाताला हात लावला. "तुझ्या बापाच्या वेळी मला पाय धरायला कुणी मिळालं नाही. म्हणून चाळीस वर्षं मार खाल्ला. आता मार, आधी मला, मग हिला. बाकडं एकच आहे."

पान्फिलो, असा पुरुष मी कधी पाहिला नव्हता. सुरी हातातून पडली. त्यानं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा, रक्त डोळ्यांत येईपर्यंत. आईला हात लावता येत नव्हता आणि हात तर शिवशिवत होते. शेवटी कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला आणि गाडी फोडली. काचा, दिवे, दारं, सगळं. गाव बघायला जमलं, कुणी जवळ गेलं नाही. मग कुऱ्हाड टाकून रस्त्यानं खाली चालत गेला. बेल्जियमच्या खाणीत माणसं भरतायत म्हणे, तिकडे गेला असेल. सासूबाई त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या, पण हाक मारली नाही. रात्री रडल्या. लिबेरातोसाठी रडल्या की निकांद्रोसाठी, मी विचारलं नाही.

इनेसच्या मुलीचं नाव व्हितालिया ठेवलंय हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, माझं कसलं नाव ठेवलं त्या पोरीला. पण बाळासाठी मोजे विणायला घेतलेत.

सुतकाचं वर्ष आता पुरे, सासूबाई म्हणतात. डुक्कर पुढच्या शनिवारी करायचं ठरवलंय, तोवर माझा हात जरा बसेल, सुरीला एक हात पुरतो. तुझा पाय मोडलाय, तू येऊ नकोस. परातीला शेजारीण येते. पाय सासूबाई धरणार आहेत.

क्लोरिंदा